चवड आणि यादी

दुसऱ्याचं भलं करायचं असेल तर त्यासाठी मत मागत हिंडावं का, हा प्रश्न मला विसाव्या वर्षी पडला. खरं तर तो आमच्या आबांनी माझ्यापुढं टाकला. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. साल 1986. कॉलेजात जी.एस. वर्गप्रतिनिधी निवडायचे, पण बाकीच्या मंडळांचे सचिव सगळ्या कॉलेजनं मत देऊन निवडून यायचे. क्रीडा सचिवाला किट वाटायला मिळायचं, सांस्कृतिक सचिवाला गॅदरिंगच्या स्टेजवर बिल्ला लावून फिरायला मिळायचं. यादीच्या शेवटी एक पद असायचं, विद्यार्थी कल्याण व शिक्षण सचिव. त्याच्या हातात ना पैसा, ना माईक. बहुतेक वर्षी त्याला एकच अर्ज यायचा आणि तो बिनविरोध व्हायचा. त्या वर्षी दोन अर्ज आले, त्यातला एक माझा.

सुट्टीला गावाकडं आलो तेव्हा आबा दावणीला वैरण टाकत होते. मी सांगितलं, कल्याणच्या पदाला उभा राहिलोय. त्यांनी वैरणीची पेंढी तशीच हातात धरली आणि विचारलं, "कल्याण करायचं तर कर की. कुणी हात धरलाय का? मतं कशापायी मागायची?"

मी म्हणालो, "पद असल्याशिवाय कोण ऐकतंय?"

"बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या हिरीला दोन परस पाणी हुतं. निम्मं गाव भरत हुतं. म्या काय त्यासाठी विलेक्शन लावलं हुतं?"

आता आबा काही कुठला ग्रंथ वाचून बोलत नव्हते. चौथीत शाळा सुटलेला माणूस. पण बोलले ते असं, की त्यावर मला रात्रभर उत्तर सुचेना. माणदेशातल्या माणसाला पाण्यावरून उदाहरण दिलं की तो गप्प होतो, तसा मी झालो. सकाळी चहा पिताना म्हणालो, "आबा, हीर आपली हुती. आपल्या हिरीचं पाणी द्यायला कुणाला इचारायचं? कॉलेजातलं पुस्तकाचं कपाट माझं नाही. गरीब निधीचा पैसा माझा नाही. जे सगळ्यांचं आहे ते वाटायचं तर सगळ्यांनी सांगायला नको का, की बाबा तू वाट?"

आबांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मग किल्ली पायजे म्हन की सरळ. कल्याण म्हनू नगंस."

या दोन वाक्यांत जो भेद आहे त्यावर मी पुढं आयुष्यभर विचार करत आलोय. आपल्या पदरचं देणं ही एक गोष्ट. सगळ्यांच्या मालकीचं नीट वाटलं जावं म्हणून किल्ली मागणं ही दुसरी. पहिल्याला मत लागत नाही. दुसऱ्याला लागतं, आणि लागलंच पाहिजे, नाहीतर किल्ली ज्याच्या कमरेला तोच मालक होऊन बसतो. पण आबांचं म्हणणं असं होतं की किल्ली मागणाऱ्यानं किल्लीच मागावी, पुण्य मागू नये. उमेदवाराला हे अवघड असतं. तो किल्ली मागताना तोंडानं पुण्याचीच भाषा बोलतो.

आमच्या भागात पदरचं देण्याची परंपरा मोठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे सातारा जिल्ह्यातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही, ते कानावर पडतच तो मोठा होतो. वहिनींना त्या पोरांनी मत दिलं नव्हतं. त्यांनीही मागितलं नव्हतं. पण मला त्या गोष्टीत नेहमी दुसरंच काहीतरी दिसत आलंय. दागिने संपतात. एका बाईच्या गळ्यातलं सोनं किती पोरांना किती दिवस पुरणार? म्हणूनच भाऊरावांनी पोरांच्या हातात कुदळ दिली, कमवा आणि शिका म्हणून सांगितलं. फुकट जेवणारं पोर आणि अर्धा दिवस राबून जेवणारं पोर, दोघांच्या पोटात भाकरी तीच जाते. पण मान वर करून बघण्यात फरक पडतो. तो फरक काय असतो, हे मला आमच्या खोलीवर कळलं.

तालुक्याच्या गावी आम्ही पाचजण एका खोलीत राहायचो. मेस परवडत नव्हती. डबे गावाकडनं यायचे, एस.टी.नं. रात्रीची मुक्कामाची गाडी सकाळी सहाला गावातनं निघायची, तिच्यात आया डबे ठेवायच्या. डायव्हरच्या मागं, बॉनेटच्या कडेला डब्यांची रांग. प्रत्येक डब्याला फडकं बांधलेलं, झाकणावर खिळ्यानं नाव कोरलेलं. कंडक्टर एक पैसा घ्यायचा नाही. आठ-सव्वाआठला गाडी स्टँडवर लागली की पोरं धावायची. आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत. पश्चिम महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी या डब्यावर शिकलीय, आणि एस.टी. महामंडळाच्या कुठल्याही अहवालात हे लिहिलेलं नसणार.

खोलीवर आलं की आम्ही मध्ये पेपर पसरायचो. पाचही डबे उघडायचे, सगळ्या भाकऱ्या एकावर एक ठेवायच्या. भाकरीची चवड व्हायची. कोरड्यास, चटणी, ठेचा बाजूला. मग ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं घ्यायचं. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, आमच्या आधी त्या खोलीत राहिलेल्यांनी केला असावा. आम्ही आलो तेव्हा तो होताच.

आमच्यातल्या एकाचा डबा आठवड्यातनं तीनच दिवस यायचा. त्याचा बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या रानात जायची. ज्या दिवशी डबा आला त्या दिवशीही त्यात दीड भाकरी असायची. हुलग्याचं माडगं करून त्यांच्या घरी रात्र निघत होती हे आम्हाला पुढं कधीतरी कळलं. पण चवडीत पडलेली भाकरी कुणाच्या घरची हे कोण ओळखणार? कधी कधी आईला मी सांगायचो, भूक लागतीय, एक भाकरी जास्त टाक. बाकीच्या तिघांनीही आपापल्या घरी तेच सांगितलं होतं. हे आम्ही एकमेकांत कधी बोललो नाही. त्याला कळत होतं का? कळत असणारच. तो काही खुळा नव्हता, आमच्यात सगळ्यात हुशार होता. पण त्याला उपकार मानावे लागत नव्हते आणि आम्हाला ते मिरवता येत नव्हते. चवडीची सगळी खुबी यात होती.

आता अर्ज भरल्यावर आमचं पॅनेल स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसलं. भाषणात काय बोलायचं ते ठरवायचं होतं. आमच्यातला एक वक्तृत्व स्पर्धा गाजवणारा, तो म्हणाला, "हे बघ, एस.टी.चा पास नि पुस्तकपेढी याच्यावर कुणी टाळी देत नसतं. तुझ्या खोलीवरचा तो सांग. नाव घेऊ नगंस पाहिजे तर. बिनबापाचं पोर, अर्धी भाकरी. पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आपण डबा फंड काढू म्हणायचं."

त्याचं चुकत नव्हतं. मतदार कोरड्या मागणीवर हलत नाही. आणि डबा फंडाची कल्पनाही वाईट नव्हती, आमच्या खोलीसारख्या खोल्या गावात पाच-पन्नास असतील आणि सगळ्याच खोल्यांत चवड होत नसेल. मी खोलीवर येऊन जोडीदारालाच विचारलं. नाव न घेता विचारलं, फंड निघाला तर कसं होईल म्हणून.

तो कंदिलाची काच पुसत होता. म्हणाला, "फंड निघाला की यादी निघंल. यादी निघाली की माझं नाव पयलं. मग मी तुमच्या चवडीतली भाकरी कशी खाऊ?"

एवढंच बोलला. आणि काच पुसून झाल्यावर म्हणाला, "तुला मतं पडत असतील तर सांग माझं. माझी काय हरकत नाही."

त्यानं परवानगी दिली म्हणून ते सांगायला मी मोकळा झालो का? कायद्यानं म्हणाल तर झालो. पण ज्याची भाकरी आपल्यावर अवलंबून आहे त्यानं दिलेली परवानगी खरी किती धरायची? तो नाही म्हणू शकत होता का? गड्यानं मालकाला दिलेला होकार आणि मालकानं गड्याला दिलेला होकार एकाच वजनाचे नसतात, हे शेतीत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी ते भाषणात घेतलं नाही. यात माझा काही मोठेपणा नव्हता, त्याच रात्री त्याच्या समोर बसून जेवायचं होतं, एवढं साधं कारण.

भाषणात मी तीन गोष्टी मागितल्या. एक, पूर्वेकडच्या गावांना जाणारी शेवटची गाडी सव्वाचारला सुटायची, त्यामुळं तिकडच्या मुली शेवटचे दोन तास बुडवून स्टँडवर जायच्या. ती गाडी पावणेसहाला करावी. दोन, ई.बी.सी.च्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी पोरं तलाठ्याच्या मागं पंधरा-पंधरा दिवस हिंडतात, तर तलाठ्यांना एक दिवस कॉलेजातच बसवावं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही ई.बी.सी.ची सवलत सुरू झाली आणि तिच्यामुळं आमच्यासारख्यांच्या घरात पहिला पदवीधर झाला. पण मुंबईत झालेला निर्णय आणि आमच्या हातातला दाखला यांच्यामध्ये तलाठ्याची बंद खोली असायची. आणि तीन, पुस्तकपेढीच्या व गरीब निधीच्या याद्या नोटीस बोर्डावर नावानिशी लागतात, त्या नुसत्या रोल नंबरनं लावाव्यात.

तिसऱ्या मागणीला हसू आलं लोकांना. मागून कुणीतरी ओरडलं, "रोल नंबर म्हाईत नसतोय व्हय रं कुणाला?" टाळी त्यालाच पडली.

समोरच्या उमेदवाराकडं जीप होती. तालुक्यातल्या एका गटाचा त्याला पाठिंबा होता, म्हणजे त्याच्या चुलत्याला होता. भजी होती, चहा होता, भावकी होती. मी 38 मतांनी पडलो. पडलेल्या माणसानं समोरच्याच्या भज्यांवर बोलू नये, म्हणून ते इथंच सोडतो.

खरी गंमत पुढं आहे. निवडून आलेल्या सचिवानं वीस दिवसांत गाडीची वेळ बदलून आणली. चुलत्याची डेपोत ओळख होती. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, बोनेटवर हात ठेवून फोटो काढला. मागणी माझी, नारळ त्याचा. मी चिडून गावाकडं गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. त्यानं कसं श्रेय लाटलं, त्याला मुलींच्या तासांचं काही पडलेलं नाही, त्याला पुढं पंचायत समितीला उभं राहायचंय. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी आली का न्हाई?"

"आली."

"पोरी बसत्यात का तिच्यात?"

"बसतात."

"मग रडतुयास कशाला?"

आईनं चुलीपुढनं हळूच साथ दिली, "त्येच्या मनात काय हुतं ते पोरींनी काय करायचं हाय?"

माझ्या हेतूला खरंच किंमत होती का? माझा हेतू चांगला होता आणि माझ्या हातून गाडीचं चाकही हललं नसतं. त्याचा हेतू पोकळ होता आणि पूर्वेकडच्या गावांतल्या पोरी शेवटच्या तासाला बसायला लागल्या. त्यांतल्या काहीजणी पुढं डी.एड., बी.एड. करून मास्तरीण झाल्या. हा न्याय मला तेव्हा पचला नाही. आता वाटतं, एस.टी.च्या बाबतीत आई आणि आबा बरोबर होते. गाडी ही अशी वस्तू आहे की ती कुणी आणली, कशासाठी आणली, याचा वास तिला लागत नाही. तिकीट काढलं, पास दाखवला, बसलं. पण सगळ्या वस्तू अशा नसतात.

दिवाळीनंतर त्याच सचिवानं आणखी एक काम केलं. एका दात्याकडनं गरीब विद्यार्थ्यांसाठी दप्तरं आणि वह्या मिळवल्या. चांगल्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या. हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. हार, शाल, दात्यांचं भाषण. मग यादी वाचायला सुरुवात झाली. एकेकानं नाव पुकारलं की उठायचं, स्टेजवर जायचं, दात्याच्या हातनं दप्तर घ्यायचं, फोटोला तोंड करायचं. आमच्या जोडीदाराचं नाव पुकारलं. तो माझ्या शेजारी बसला होता. उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. त्यानं खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट केला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कार्यालयातल्या क्लार्कनं माईकवरनं विचारलं, "आहे का रे तो? मघाशी तर दिसला होता." मागं पोरं हसली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. काही वेळेला शेजाऱ्याकडं न बघणं एवढंच माणसाच्या हातात असतं.

ते दप्तर शेवटी दुसऱ्या कुणाला तरी दिलं. दात्याचं मन मोठं होतं, वह्या खऱ्या होत्या, सचिवानं धावपळ केली होती, यात कुणाचं वाईट कुठं शोधायचं? तरी त्या हॉलमध्ये एका पोराकडनं काहीतरी काढून घेतलं गेलं, आणि ते त्या दप्तरापेक्षा महाग होतं.

तो वर्षभर वह्यांऐवजी पाठकोऱ्या कागदांवर लिहीत राहिला. आणि मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर गेला. पाझर तलावाचं काम होतं, माती टाकायची पाटीनं. मी एकदा त्याच्या गावाला गेलो होतो तेव्हा मुकादम हजेरीपट घेऊन सगळ्यांची नावं वाचत होता. याचं नाव आलं तसा हा मोठ्यानं "हाय!" म्हणाला. मला हॉलमधला दिवस आठवला आणि मी त्याला विचारल्याशिवाय राहिलो नाही. म्हणालो, "हिथं पण यादीच हाय की."

तो म्हणाला, "ही कामाची यादी हाय. ती गरिबांची हुती."

रोजगार हमी ज्यांच्या डोक्यातनं निघाली ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांनी 1965 च्या सुमाराला आपल्याच भागात तिचा प्रयोग करून बघितला. बाहत्तरच्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला गेले, मिलो आणि सुकडी खाऊन जगले, तेव्हा ती कल्पना राज्यभर पसरली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यातली खरी गोम अशी की काम मागणाऱ्याला ते पंधरा दिवसांत देणं सरकारवर बंधनकारक झालं. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातनं त्याला पैसा यायचा. म्हणजे देणारा कुणीतरी होताच, मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत बसलेला, पण त्याला आमच्या जोडीदाराचं तोंड दिसत नव्हतं आणि याला त्याचे पाय धरावे लागत नव्हते. बाहत्तरच्या आधीही दुष्काळात कामं निघायचीच. पण ती सरकार मेहेरबान झालं तर. कायद्यानं मेहेरबानी काढून टाकली. माती तीच, पाटी तीच, दिवसाची मजुरीही फार नाही. मात्र "हाय!" म्हणणारा आवाज बदलला.

मी रोजगार हमीचं कौतुक उगाच वाढवत नाही. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं असायची, मापं कमी पडायची, मजुरीला महिना लागायचा. सगळं पाहिलंय. तरी तो कायदा आणि ते दप्तर यांत मला निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून सांगेन.

मग कल्याण सचिव नावाच्या माणसाचं काम काय? मला वाटतं, दिलं जाणारं जितकं होईल तितकं हजेरीपटाकडं किंवा चवडीकडं ढकलायचं आणि दप्तरवाटपापासून लांब न्यायचं. हजेरीपटावर नाव असतं पण त्याला लाज नसते, कारण ते हक्काचं. चवडीत लाज नसते, कारण नावच नसतं. मधलं जे आहे, नाव पुकारून दया वाटणं, तिथं माणूस कमी होतो. आणि निवडणुकीला उभा राहणारा नेमका याच मधल्या गोष्टीकडं ओढला जातो, कारण फोटो तिथंच निघतो. चवडीचा फोटो कसा काढणार? त्याला जबाबदार नुसता तो उमेदवार नाही. आम्ही मतदारांनी रोल नंबरवाल्या मागणीला हसून दाखवलं होतं.

पुढं निवडणुकाच गेल्या. 1989 साली मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वादातनं एका विद्यार्थ्याचा खून झाला. लहानसहान मारामाऱ्या तर गावोगाव होत्या, जी.एस.च्या निवडणुकीआधी वर्गप्रतिनिधींना जीपमध्ये घालून महाबळेश्वरला ठेवायचे प्रकार आम्ही पाहिले होते. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात ज्याला सगळ्यात जास्त गुण तो प्रतिनिधी झाला. 2006 मध्ये लिंगडोह समितीनं देशभरासाठी नियम सांगितले. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या वर नको, हजेरी 75 टक्के हवी, छापील पोस्टर नको, हातानं लिहिलेलं चालेल. ते वाचून मला आमची गेरूनं रंगवलेली भिंत आठवली. 2016 च्या नव्या कायद्यात निवडणूक पुन्हा आली. 2019 ला आता होणार म्हणेपर्यंत गोष्ट गेली आणि पुढं ढकलली गेली.

गुणांवर प्रतिनिधी नेमणं शांततेचं असतं हे खरं. भजी वाचतात, डोकी वाचतात. पण इतिहासाच्या पेपरात 80 गुण पडलेल्याला शेजारच्याच्या डब्यात दीड भाकरी आहे हे दिसेलच असं कुठं आहे? आमचा जोडीदार वर्गात पहिला यायचा. गुणांवर नेमलं असतं तर तोच आमचा प्रतिनिधी झाला असता, आणि तो प्रतिनिधी उत्तम झाला असता. पण ते गुणांमुळं झालं नसतं, भुकेमुळं झालं असतं. मतांवर उभा राहिला असता तर पडला असता, कारण त्याच्याकडं सांगण्यासारखं जे होतं ते त्याला सांगायचं नव्हतं. आता यातली कुठली रीत बरी म्हणायची? मी मतांच्याच बाजूचा आहे अजून. पडूनही आहे. गुणवाल्याला कुणी विचारू शकत नाही की बाबा, तू काय केलंस? मत दिलेला विचारू शकतो. विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

माझी पुतणी आता जिल्ह्याच्या गावी कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते. वर्गात पहिली आली म्हणून तिला प्रतिनिधी केलंय. मध्यंतरी तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कार्यालयानं एक यादी टाकली. शिष्यवृत्ती अडकलेल्यांची. नाव, जात, घरचं उत्पन्न, बँकेचा खाते नंबर, आणि शेवटच्या रकान्यात काय त्रुटी आहे ते. आमचा नोटीस बोर्ड निदान भिंतीवर होता, संध्याकाळी शिपाई काचेला कुलूप लावायचा. ही यादी प्रत्येकाच्या खिशात गेली. पुतणीनं कार्यालयात जाऊन भांडून ती काढायला लावली. तोवर कितीजणांनी उतरवून घेतली असेल देव जाणे. मग तिनं ती आपल्या वहीत उतरवली आणि एकेकाला वेगळा फोन करून सांगायला लागली, तुझा आधार बँकेला जोडलेला नाही, तुझ्या दाखल्याची मुदत संपलीय.

परवा सुट्टीला आली होती. मी तिला म्हणालो, "निवडणुका परत सुरू झाल्या तर उभी राहशील का?"

"राहीन की नाना. पण पडेन."

"का गं?"

"मी काय काम केलं ते सांगायचं कसं? ज्यांचं केलं त्यांची नावं सांगावी लागतील."

मी म्हणालो, नाव न घेता सांग. ती म्हणाली, वर्गात चौसष्ट जण आहेत, नाव न घेताही सगळ्यांना कळतं. मग म्हणाली, अजून अकरा जणांना फोन करायचेत, आणि वही घेऊन गोठ्यापलीकडच्या उंचवट्यावर जाऊन बसली. आमच्याकडं रेंज तिथंच येते.